भेट म्हणून आलेल्या काठ्या

माझ्या थोरल्या भावाला सरपंचाच्या खुर्चीत बसलेला असताना मारलं, ही बातमी मला ओमानमधल्या गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये फोनवर कळली. दादा राखीव जागेवर निवडून आला होता, आमच्या वस्तीतला पहिलाच. सहीपुरता ये, खुर्चीत बसू नकोस, असं त्याला आधी गोडीत सांगून झालं होतं. तो बसला. मग चारपाच जण काठ्या घेऊन कचेरीत शिरले, त्याचं डोकं फोडलं आणि उजवा हात मोडला. मी फोन ठेवला आणि समोरच्या लोखंडी टूलबॉक्सला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं, एवढाच माझा पराक्रम.

राग मला पटकन चढतो आणि उतरायचं नाव घेत नाही. त्या मारणाऱ्यांना मी ओमानमध्ये बसून रोज मनातल्या मनात तुडवत होतो. पण करायचं ठरवलं ते वेगळंच. दादाला इकडे आणायचं, स्टोअरकीपर म्हणून का होईना. खुर्ची गेली खड्ड्यात. व्हिसासाठी मी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, केबिनचे उंबरठे झिजवू लागलो.

त्याच सुमारास मुलीचं शाळेत भाषण होतं. ती आठवीत होती. विषय तिनेच शोधला होता: दीडशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन खासदार. अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती इंग्रजीत पाठ करायची आणि आम्हाला अडखळत मराठीत सांगायची.

"पप्पा, तो आधी लॉयर होता. एका ब्लॅक मुलीला गोऱ्यांच्या शाळेत घ्या म्हणून कोर्टात भांडला. हरला."

हरला तरी गप्प बसला नाही. खासदार झाला आणि गुलामगिरीविरुद्ध सभागृहात दोन दिवस बोलला. मालक लोकांचे त्याने असे वाभाडे काढले की त्यांच्या जिव्हारी लागलं. मला माणूस आवडला.

भाषणानंतर एके दिवशी तो सभागृहातल्या आपल्या डेस्कवर लिहीत बसला होता. विरुद्ध बाजूचा एक खासदार आला आणि सोन्याच्या मुठीच्या काठीने त्याच्या डोक्यावर मारत सुटला. डेस्क जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं, पाय त्याच्याखाली अडकलेले. डोळ्यांत रक्त उतरलं, दिसेना, तेव्हा त्याने सगळा जोर लावून डेस्कच उखडलं. काठीचे तुकडे झाले तरी मार थांबला नाही. मदतीला येणाऱ्यांना एक जण पिस्तूल घेऊन अडवत होता आणि बाकीचे बघत होते. मारणाऱ्याला नुसता दंड झाला. त्याच्या चाहत्यांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या.

"काठ्या? भेट?" मी एवढ्याने ओरडलो की बायको लाटणं घेऊन बाहेर आली.

आमच्या गावातही जामिनावर सुटलेल्यांना हार घातले होते, पेढे वाटले होते. असला निर्लज्जपणा फक्त आपल्याच मुलखात पिकतो, असं मला तोवर वाटायचं. बायकोने पाणी आणून दिलं.

शुक्रवारी दादाला फोन लावला. मी व्हिसाचं घोडं पुढे दामटत होतो, तोच मुलीने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला आणि काकाला सगळी गोष्ट सांगितली. उपचारांत त्या खासदाराची तीनेक वर्षं गेली, पण त्याच्या लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं आणि तो येईपर्यंत त्याची जागा रिकामी ठेवली. परत आल्यावर तो त्याच विषयावर आणखी कडक बोलला, आणि मरेपर्यंत काळ्या लोकांना सारखे हक्क द्या म्हणून भांडत राहिला.

मुलीने स्पीकर लावला होता. दादा म्हणाला, "बेटा, त्याला मारत होते तवा किती जण उठले?"

"फार नाही, काका."

"माझ्या टायमाला बी समदे बसूनच होते. मेंबर, ग्रामसेवक, समदे." मग मला म्हणाला, "व्हिसा ऱ्हाऊ दे. एक तारखेला ग्रामसभा हाय. मी खुर्चीत बसणार. मतदारयादीत तुझं नाव हाय अजून. तू ये."

भीती वाटली. खोटं कशाला बोलू. नोकरी, मुलगी, बायको, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नाही म्हणायला जीभ मात्र उचलेना. रजा मागायला गेलो तर अर्बाब म्हणाला, "खलास, ठीक आहे, जा. पण लवकर ये."

परत आलो तेव्हा सीबच्या विमानतळावर दोघी घ्यायला आल्या होत्या. माझ्या कपाळावरची पट्टी आणि सुजलेला डोळा बघून बायकोला रडू फुटलं. मुलगी रडली नाही.

"काका?"

"बसलेत. पूर्ण सभा खुर्चीत बसून घेतली."

"आणि किती जण उठले, पप्पा?"

"तेच लोक पुन्हा चालून आले, तेव्हा आधी मी एकटाच. चांगला बुकलून काढला मला. मग मागे बसलेल्या आपल्या बायका उठल्या, त्यांच्यामागे अख्खी वस्ती उठली. कुणाकुणाला मारायचं, तेच मारणाऱ्यांना कळेना."