कासवाचा वाढीचा तक्ता

मोखाड्याच्या पाड्यांवरच्या अंगणवाड्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. पोर दिसलं की वजनकाट्याच्या झोळीत बसवायचं, आकडा बघायचा, तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब मागच्यापेक्षा वर गेलं तर ठीक, खाली आलं तर आईला धारेवर धरायचं. निवृत्त होऊन जव्हारच्या घरी बसले तरी हात शिवशिवत होते. एकदा नवऱ्याचं वजन करून चार शब्द सुनावले. त्यानंतर ते काट्याच्या आसपास फिरकले नाहीत.

अशात शेजारचे वनपाल एक खोकं घेऊन आले. आत कोणाच्या तरी घरातून जप्त केलेलं, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव होतं. कोर्टाची परवानगी आली की ते त्याच्या मुलखात पाठवायचं आणि जंगलात सोडायचं, असं ठरलं होतं. "तोवर तुमच्या अंगणात ठेवाल का? फक्त गवत-पाला टाकायचा," ते म्हणाले.

त्यातलं 'फक्त' मी ऐकलंच नाही. वनपालांची पाठ वळताच नोकरीतला जुना झोळीचा काटा काढून कासव त्यात घातलं. एवढं थोरलं कवच आणि वजन किलोभरही नाही! कोणी विचारलेलं नसताना मी निदान करून टाकलं: तीव्र कुपोषित.

मग काय विचारता. केळं, उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे, गूळ घातलेली नागलीची लापशी. सगळं ताटलीत, आणि ताटली थेट त्याच्या तोंडाशी. जुन्या कॅलेंडरच्या मागे मी तक्ता आखला. दर सोमवारी टिंब वर, वर आणि वर. जुन्या सहकारी बायकांच्या ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला आणि दिवसभर आलेली कौतुकं वाचत बसले.

आलं तेव्हा ते ऊन आल्याबरोबर नळापासून कुंपणापर्यंत चालत जायचं. पावसाळा सरेपर्यंत ते ताटलीपाशीच बसून राहू लागलं. पाय आत घेतले की कडेने मांस बाहेर यायचं. रमलं हो बाळ, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

घरकामाला येणाऱ्या मावशी जामसरकडच्या. मी तपासायचे त्यातल्याच एका अंगणवाडीत पूर्वी मदतनीस होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, रानात याला केळा कोण सोलून देते? देवानं पाय कशाला दिलंत मग?"

"आहारातलं तुम्हाला काय कळतं?" मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा वापरलंय की ते आपोआप तोंडात येतं.

परवानगी आली आणि वनपाल जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी कासव अंगणात ठेवलं. ते दोन पावलं घसटलं आणि पोटावर बसलं. मी तत्परतेने तक्ता दाखवला. डॉक्टरांनी तो शांतपणे पाहिला.

"मॅडम, आपण खातो त्यातलं बरंच अंग गरम ठेवण्यात जळतं. हे उन्हात बसून अंग शेकून घेतं, त्यामुळे त्याचा खर्च मुळातच थोडा. सुकं गवत शोधत चालायचं आणि दिवसेंदिवस पचवत राहायचं. तुम्ही याला रोज लग्नाचं जेवण घालताय." मग ते वनपालांकडे वळले. "असं सोडलं तर जगणार नाही. दीड महिन्यात चाललं तर जंगल, नाहीतर जन्मभर पिंजरा."

मी तक्ता गुंडाळला. जन्मभर पोरांच्या आयांना बोललेलं एकेक वाक्य मला आठवत होतं.

ताटली बंद झाली. मावशी सुकं गवत आणून अंगणाच्या चार कोपऱ्यांत ठेवू लागल्या. कासवाने चार दिवस त्याला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मावशी भांडी घासत असताना मी गुपचूप केळ्याचा तुकडा दिला. त्या पदर खोचत आल्या आणि त्यांनी कासवाचं बरबटलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. पाड्यांवरच्या खोट्या नोंदी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आता मीच रंगेहाथ सापडले होते.

मग ते गवत खाऊ लागलं, आणि वजन उतरू लागलं. पहिल्या सोमवारी टिंब खाली द्यायची वेळ आली आणि माझा हात चालेना. एका पाड्यावरच्या मुलीची टिंबं अशीच तीन महिने उतरत गेली होती. चौथं टिंब द्यायला ती राहिलीच नाही.

मावशींनी माझ्या हातातून पेन घेतलं. "मला ठाव हाय तुम्हाला कोण आठवते ती. मी पण होती तिथं. पण ही ती पोर नाय बाई, कासव हाय." त्यांनीच टिंब दिलं. पुढच्या प्रत्येक सोमवारी त्यांनीच दिलं. मी तोंड फिरवून उभी राहायची.

दीड महिन्याने डॉक्टर पुन्हा आले. कासव अंगणात ठेवताच ते चारी पायांवर उभं राहिलं आणि फाटकाकडे निघालं. मी मुद्दाम वाटेत उभी होते. त्याने मला वळसा घातला आणि ते फाटकाला जाऊन धडकलं.

"वजनाचं काय लिहू?" वनपालांनी विचारलं.

"घटलं," मी म्हटलं. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, "घटलं, लिहा!"

कासवाला घेऊन गाडी गेल्यावर मी घरात आले, तक्ता उलगडला आणि शेवटचं टिंब माझ्या हाताने दिलं, सगळ्यात खाली. मग मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या मुलीसाठी रडले. तेव्हा रडायचं राहून गेलं होतं.