कडेवरचं कुंकू

"चार होत्या त्या पुरे नव्हत्या? आता ही पाचवी," दानम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात राजेश्वरी बाळंतपणाला येणार. पोरीला झोपवू कुटं? गिटारीच्या मांडीवर?"

"बघू की," प्रभुलिंग म्हणाले.

"सहा महिने बघताय की."

प्रभुलिंग एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मागच्या खोलीत त्यांच्या चार इलेक्ट्रिक गिटारी चादरींत गुंडाळून ठेवलेल्या. सगळ्या डॅनइलेक्ट्रो, अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या. मोठ्या नावाच्या गिटारी त्यांना दाखवल्या तरी ते बघत नसत. "हिचं अंग हार्डबोर्डचं. आवाज टिपायचं यंत्र लिपस्टिकच्या नळीत बसवलंय. काटकसरी माणसानं केलेली वस्तू आहे," असं ते कौतुकानं सांगत. ऐकायला बहुतेक वेळा मुलगा मल्लेशच असे.

या नादाचं खरं कारण त्यांचा जुना मित्र मायाप्पा. पस्तीस वर्षांपूर्वी दोघांचा ऑर्केस्ट्रा होता. मायाप्पाच्या, बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं आणलेली तसली गिटार अख्ख्या सोलापुरात एकच. गणपतीत अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत कार्यक्रम व्हायचे. प्रभुलिंग ड्रम वाजवायचे. टेम्पोतून परतताना मायाप्पा गिटार त्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि झोपायचा. पुढं डीजे आले. ऑर्केस्ट्रा मोडला, मायाप्पा हैदराबादला गेला आणि तिकडंच वारला. गिटार कुणाच्या हातात गेली, कळलं नाही. प्रभुलिंग तशीच शोधत राहिले. मिळेल ती जवळपास तशी असायची, ती नसायची.

पाचवी सकाळी पुण्याहून पार्सलनं आली होती. कडेला पांढरट रेक्झिनची पट्टी, तिच्यात लालसर डाग. प्रभुलिंग थिनरचा बोळा घेऊन बसले होते.

दानम्मा हात पुसत बाहेर आल्या आणि थांबल्या. "काय पुसताय?"

"कुणीतरी रंग सांडलाय. रेक्झिनच्या दाण्यात बसलाय."

दानम्मांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "रंग न्हाय. कुंकू हाय ते. तीन टिकल्या."

"गिटारीला कुंकू कोण लावतंय?"

"मी."

प्रभुलिंगांनी बोळा खाली ठेवला.

"लग्नानंतरची पहिली खंडेनवमी," दानम्मा म्हणाल्या. "तुमचं सगळं सामान ह्याच खोलीत असायचं. सासूबाई म्हणल्या, घरचा माग पुजला तशी वाजपं पण पूज. मी ड्रमला लावलं, हार्मोनियमला लावलं. गिटारीपाशी गेले तर मायाप्पाभावजी केवढ्यांदा ओरडले, वहिनी, तिच्या तोंडाला लावू नका, खराब होईल! मी घाबरले. मग कडेला लावलं, पट्टा अडकवायच्या खिळ्याखाली. मागाला लावतो तशा तीन."

प्रभुलिंगांनी गिटार आडवी केली. पट्ट्याच्या खिळ्याखाली तीन ठिपके होते. तिसरा थोडा ओघळलेला.

"घाईत कुंकू जास्त घेतलं मी," दानम्मा म्हणाल्या.

प्रभुलिंगांनी थिनरच्या बाटलीला बूच लावलं. गिटार मांडीवर घेतली, टेम्पोत घ्यायचे तशी, तिचं डोकं डाव्या खांद्याकडं. तारा गंजल्या होत्या. वाजवली नाही.

"भाकरी गार होतीय," दानम्मा हळू आवाजात म्हणाल्या आणि आत गेल्या. राजेश्वरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

जेवताना शेंगाचटणीवर तेल घेत प्रभुलिंग म्हणाले, "मल्लेश, त्या चार गिटारींचे फोटो काढ. विकायच्या आहेत. मागची खोली राजेश्वरीला. ही एक इथं बाहेर भिंतीला राहील, आणि तिच्यावरचं कुंकू कुणी पुसायचं न्हाय."