गिरधरनानांचा उजवा पाय

एकतीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाची परीक्षा त्याच्याच मुलीनं घ्यावी, हे गिरधरनानांना मुळीच पटलं नव्हतं. पण दिवाळीत पिंप्राळ्याच्या घरी गाडी आत घेताना त्यांनी ती फाटकाच्या खांबाला घासली, आणि तेव्हापासून घरात त्यांचा शब्द जरा हलका झाला होता. दिपमाला, त्यांची धाकटी मुलगी, शाळेत गणित शिकवते. तिनं सरळ हिशेब मांडला.

"नाना, या वेळी शिरपूरला मी सोबत येते. गाडी नीट चालवलीत तर चावी तुमची. नाहीतर ती माझ्या पर्समध्ये."

शिरपूरला जाणं म्हणजे काही साधं जाणं नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आगारातले जुने ड्रायव्हर-कंडक्टर प्रेमराजच्या शेतात भरीत खायला जमतात. वांगी जळगावकडून न्यायची आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या प्रेमराजनं ठेवायच्या, असा बारा वर्षांचा रिवाज. त्या मंडळीसमोर मुलीच्या शेजारी सवारी म्हणून उतरायचं? नानांना ते नुसतं मनात आणलं तरी घाम फुटत होता.

रविवारी सकाळी डिकीत वांगी पडली, आणि मागच्या सीटवर नवलभाऊ बसले. नवलभाऊ म्हणजे नानांचे कंडक्टर. सोळा वर्षं एकाच गाडीवर. वच्छलाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा त्यांच्या मांडीवर दिला आणि बजावलं, "भाऊ, लाडू शिरपूरपर्यंत पोचले पाहिजेत."

"वहिनी, डबा तर पोचीच," नवलभाऊ म्हणाले.

हायवेनं जाणं नानांना मंजूर नव्हतं. त्यांची ड्यूटी ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं, चोपड्यावरून, जायचं. तापीचा पूल येईपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. दिपमाला वेगाच्या काट्याकडे बघत होती आणि नाना, बघ म्हणावं, अशा ऐटीत. मागे नवलभाऊंना डुलकी लागली होती. डब्यावर त्यांची चांदीची अंगठी मधेच एकदा वाजली.

विदगावला फाट्यावर नानांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" दिपमालानं विचारलं.

नानांनाही कळेना काय झालं. "कुत्रं आडवं उनं व्हतं," ते म्हणाले. रस्त्यावर कुत्रं सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती. जरा वेळानं गाडी निघाली. दिपमालानं मान वळवून मागचा रिकामा रस्ता बघून घेतला, आणि ते नानांना बोलण्याहून जास्त लागलं.

पुढे दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागले. नाना स्वतःला बजावत होते, आता मधे थांबायचं नाही. अडावद आलं आणि गाडी स्टँडसमोर थांबलीच. नुसती थांबली असती तर निभावलं असतं. पण झाडाखालच्या एका म्हातारीनं मागचं दार उघडलं, पिशवी आत टाकली आणि विचारलं, "चोपडं ना?"

"मधे सरका, मधे सरका," नवलभाऊ झोपेतच कोणाला तरी म्हणाले आणि स्वतःच सरकले. म्हातारी बसली. गाडी निघाली.

चोपड्याला म्हातारी आशीर्वाद देत उतरली, तेव्हा दिपमाला हळूच म्हणाली, "नाना, तुम्ही का थांबता हे तुम्हाला तरी कळतंय का?"

नानांना खोटं बोलवेना. "नही बेटा," ते म्हणाले.

"मग परत येताना मी चालवते."

नाना हूं म्हणाले. चावीचं दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती. त्यांचे वडील शेवटच्या वर्षांत शेतातून घरी यायची वाट विसरत. आपलंही तेच सुरू झालं की काय? हातेडला गाडी पुन्हा थांबली.

प्रेमराजच्या शेतात पंधरा-सोळा जण जमले होते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, सोलली गेली, लाकडी बडगीत ठेचली गेली. हिरव्या मिरचीच्या फोडणीचा ठसका सगळ्यांना एकदमच लागला. दरवर्षी गप्पांत पुढे असणारे नाना आज बाजेच्या कडेला पाय खाली सोडून मुकाट बसले होते. त्यांच्या रांगेत सगळे ड्रायव्हरच होते, समोर सतरंजीवर कंडक्टर मंडळी.

भरीत तयार झालं. पंगत बोलवायला प्रेमराजनं झारा पातेल्यावर एकदा मारला. टण्ण.

त्या रांगेतल्या सातही ड्रायव्हरांचे उजवे पाय एकदम पुढे दाबले गेले. एकाच्या पायाखाली पाण्याचा तांब्या होता, तो लवंडला. दुसऱ्याची चप्पल उडून सतरंजीवर पडली. कोणाला काही विशेष वाटलं नाही. नऊवारीचा पदर सावरावा तितक्या सवयीचं ते होतं.

दिपमालाच्या हातातली पत्रावळ हातातच राहिली. तिनं नानांच्या पायाकडे पाहिलं, मग नवलभाऊंच्या बोटातल्या अंगठीकडे, मग त्यांच्या मांडीवरच्या डब्याकडे.

"नवलकाका," ती म्हणाली, "येताना विदगावला तुम्ही डबा वाजवला होता?"

नवलभाऊ गोंधळले. "विदगावले आपला स्टॉप शे. स्टॉप उना का बोट आपोआप वाजस, बेटा. त्याले मी काय करू?"

एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. एकतीस वर्षं त्या पायानं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. सगळा उलगडा झाला तसा प्रेमराज झारा टाकून हसायला लागला. नवलभाऊंनी अंगठी काढून खिशात टाकली. नानाही हसले, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोकं जागेवर होतं. पाय तेवढा अजून नोकरीत होता.

"फाटकाचं मात्र मनंच चुकनं व्हतं," ते स्वतःकडे बोट करून मुलीला म्हणाले.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या पत्रावळीवर भरीत वाढलं.

उन्हं कलली तशी मंडळी निरोप घेऊ लागली. दिपमालानं नवलभाऊंना पुढच्या सीटवर बसवलं. चावी नानांच्या हातावर ठेवली आणि लाडवांचा रिकामा डबा घेऊन स्वतः मागे जाऊन बसली. नानांनी इंजिन सुरू केलं, आरसा सारखा केला. प्रेमराज आणि सगळी मंडळी बांधावर हात हलवत उभी राहिली. गाडी काही हलेना.

"नाना, निघायचं ना?"

नाना आरशातून तिच्याकडे नुसते बघत राहिले.

मग तिच्या ध्यानात आलं. तिनं हातातली बांगडी मागे सारली आणि बोटानं डबा वाजवला, दोनदा.