गालातले छर्रे

अनघा खांबेटे परदेशात, आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत सेन्सर तपासायची. नवरा परेश बोटीवर इंजिनियर, महिनोन्‌महिने घरी नसायचा. एकटेपणावर उपाय म्हणून ती एअर रायफल शिकायला गेली आणि तिला त्याचं वेडच लागलं. रविवारी पासिर रिसच्या घरून निघायची ती थेट नेमबाजीच्या क्लबात.

क्लबाची एक रायफल ती आणि देवस्थळीकाका आळीपाळीने वापरत. काका रॅफल्स प्लेसला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मराठी मंडळात मान. तिला नेम धरायला शिकवलं त्यांनीच.

स्पर्धा जवळ आली आणि तिचे छर्रे वरखाली लागायला लागले. वेग मोजायच्या यंत्रासमोर झाडून पाहिलं, तर एक सुसाट, दुसरा मरगळलेला. तिने हवेचा दाब तपासला, ठीक होता. छर्ऱ्यांचा डबा बदलला, फरक नाही. शेवटी नळीतून कापडाचा बोळा ओढला. तो आला राखाडी, बुळबुळीत लगदा घेऊनच. आंबूस वास. तिला शिसारी आली.

नळी साफ केल्यावर वेग एकसारखा झाला. पुढच्या रविवारी, काकांची पाळी झाल्यावर, पुन्हा तेच. त्यानंतरच्या रविवारी ती त्यांच्या मागे उभी राहिली.

काकांनी मूठभर छर्रे तोंडात टाकले, सुपारीसारखे गालात धरले आणि एकेक काढून लाळेसकट रायफलीत भरू लागले.

"काका, शिसं आहे ते!"

"अगं, ओले केले की छान सरकतात. इतकी वर्षं करतोय."

त्याच बोटांनी त्यांनी मघाशी सगळ्यांना बेसनाचे लाडू वाटले होते. अनघाने बेसिन गाठलं आणि ती भडाभडा ओकली.

मग नळीतून पुन्हा काढलेला बोळा तिने क्लबाच्या सेक्रेटरीसमोर टेबलावर ठेवला आणि काकांचं सांगितलं. "ही ओल्ड ऑलरेडी लाह," म्हातारा माणूस, चालायचंच, म्हणून तो हसला. त्याने बोळ्याकडे नीट पाहिलं, तेव्हा हसू गेलं. काकांना रक्त तपासायला लावलं. शिसं भलतंच वाढलेलं निघालं.

मंडळातल्या संजीवनीताईंचा फोन आला. "वडीलधाऱ्या माणसाची चारचौघांत अशी शोभा करतात का गं?"

"ताई, तुम्ही त्यांचा लाडू खाल्ला असतात तर?" अनघाने फोन ठेवला. मंडळातल्या सगळ्यांचीच तिला किळस आली होती.

स्पर्धेत ती वेगळ्या रायफलीने खेळली, तिसरी आली. काका हात पुढे करून अभिनंदनाला आले. तिने लांबूनच नमस्कार केला.