लिफ्ट येणार हाय

कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तिथली एक पाळी बंद झाली आणि माझा पगार जवळपास निम्म्यावर आला. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. सांगलीतलं परसासकट तीन खोल्यांचं घर विकायचं, लहान जागा घ्यायची आणि उरलेल्या पैशातून कर्ज फेडायचं, असं मी ठरवलं. घर आईच्या नावावर होतं.

सांगलीत जागा बघायला गेलेला माणूस खोल्या मोजायच्या आधी विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? मीही तेच विचारलं. एका इमारतीत दोन जागा परवडणाऱ्या होत्या. तळमजल्याची स्वस्त होती, कारण तिथं पुराचं पाणी छातीभर चढलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त होती, कारण लिफ्ट नव्हती. मी तिसरा मजला घेतला. पूर काही वर्षांतून एखादा येतो आणि सत्तरी ओलांडलेली आई रोज दोनदा बाहेर पडते, हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बायकोला सांगत आलो. लक्षात आलं होतं.

सही करायच्या आधी आईनं एकच विचारलं, "लिफ्ट हाय न्हवं? माजं गुडघं बघतोस की."

"जागा सोडलीया. वर्षभरात बसवणार हायत," मी म्हणालो.

ती जागा फक्त नकाशात उरलीय, असं एजंटनं मला स्पष्ट सांगितलं होतं. तिथं पाण्याचे पंप बसवले होते. आईनं चष्मा लावून सावकाश सही केली.

पहिले काही महिने ती कठडा धरून उतरायची. मग तिनं उतरणं सोडलं. तिच्या मैत्रिणी तिच्याच वयाच्या. संक्रांतीला तिघी आल्या त्या खालीच थांबल्या. आईनं गॅलरीतून भाजीची पिशवी दोरीनं खाली सोडली, आत तिळगूळ.

"आवं, ह्याच पिशवीतनं आमास्नी वर वढून घ्या की!" खालून एक ओरडली.

"तू मावशील व्हय गं त्यात?" आई हसली. "लिफ्ट येणार हाय. मग या, च्या करते."

मी खाली गाडी पुसत होतो. मैत्रिणीनं मला विचारलं, "कवा येणार रं?"

"उन्हाळ्यापतोर," मी मान वर न करता म्हणालो.

उन्हाळा गेला. आईनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं तेव्हा मला वाटायचं.

श्रावणात तिला एकदम धाप लागली. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, म्हणून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. पुढं ड्रायव्हर, मागं मी. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "लिफ्ट येणार न्हाई, तुला म्हाईत हुतं न्हवं?"

ड्रायव्हर ऐकत होता.

"न्हाई गं आई. त्यांनी फसवलं आपल्याला."

खुर्चीच्या पाठीवरच्या माझ्या हातावर तिनं चाचपत हात ठेवला. "असू दे. तू तरी काय करणार," ती म्हणाली.

दवाखान्यात चार दिवस मी तिच्याजवळ बसून होतो. बरेचदा खोलीत आम्ही दोघंच असायचो आणि ती जागी असायची. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.