लाईट आली म्हंजे कुठली?

आमच्या धाकट्या मामांइतका आज्ञाधारक माणूस उभ्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका छळवादीही नाही. छापलेला शब्द म्हणजे त्यांना हुकूम. बिस्किटाच्या पुड्यावर 'येथून फाडा' लिहिलेलं असलं की मामा दुसरीकडून फाडणार नाहीत. ती जागा सापडेपर्यंत चहा गार झाला तरी बेहत्तर. एका लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार, मित्रमंडळींसह अगत्य येणे' असं वाचून ते पिंपळवंडीतली सगळी मित्रमंडळी टेम्पोत घालून घेऊन गेले. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला, तर त्याच्यापुढे पत्रिका धरून म्हणतात, "तुमीच लिव्हलंय की राव! आमी कुठं आगाऊपणा केला?"

अशा माणसाच्या हाती मी माझी माहितीपुस्तिका दिली. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. नदीवरची पाण्याची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू करायचं ॲप आम्ही केलं होतं, आणि मामांकडे ते मी हौसेनं बसवलं नव्हतं. मामांचे गुडघे गेलेले, त्यामुळे मोटर चालू करायला मामीच उसातून जायची, आणि त्याच उसात बिबट्यानं मुक्काम ठोकलेला. ती परत येईपर्यंत मामांचा जीव टांगणीला लागायचा.

मामांनी पुस्तिका मोठ्यानं वाचायला घेतली. 'परवानगी द्या' आलं, मामा मोबाईलला म्हणाले, "दिली." 'मागे जा' आलं, मामा खुर्चीसकट मागे सरकत धुण्याच्या बादलीवर आदळले. मला वाटलं चेष्टा करतायत. अहो, कसली चेष्टा! शेवटी मी वैतागलो, "मामा, एवढंही कळत नाही?"

"मला कळाया काय झालंय? तू लिव्हलंय त्येच करतोय. तुझ्या मनातलं मला कसं दिसंल?"

हे ऐकून मी चांगलाच फुगून बसलो.

पाचव्या पायरीवर मी लिहिलं होतं, 'लाईट आली की स्टार्ट दाबा.' माझ्या मनात ॲपमधली हिरवी लाईट. मामांच्याच काय, अख्ख्या गावाच्या भाषेत लाईट म्हणजे वीज! दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला बल्ब लागला आणि मामांनी लगेच बटन दाबलं. मोटरीवरच्या यंत्राला तयार व्हायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे मोटर ढिम्म. "बिघडलं वाटतं," म्हणत मामी बघायला गेली ती धापा टाकत परत आली. पाच-सहा पावलांवरून बिबट्या आडवा गेला होता. ती हसत सांगत होती, पण आधी दाराची कडी लावून. मामांनी पाचव्या पायरीवर बोट ठेवून मला विचारलं, "लाईट आली म्हंजे कुठली?" मला माझीच लाज वाटली.

त्याच दिवशी ओट्यावर बसून आम्ही सगळं नव्यानं लिहिलं. 'घरातला बल्ब लागला तरी थांबा. मोबाईलवर हिरवा ठिपका दिसेल. मगच स्टार्ट दाबा.' मामी अक्षर अक्षर लावून वाचते. ती जिथं अडेल ते वाक्य मामा खोडायला लावत. कितव्यांदा कोण जाणे, तिनं न अडखळता वाचलं, ठिपका बघितला, बटन दाबलं, आणि नदीकडून मोटरीचा आवाज आला.

मी पेन खिशाला लावलं, तर मामा म्हणाले, "संपलं कुठं? आजून एक पायरी हाय. लिव्ह."

आता ऑफिसात माझ्या पुस्तिकांचं कौतुक होतं. पण त्या एका पायरीइतकं स्वच्छ मला अजून काही लिहिता आलेलं नाही. मामीकडे न बघता मामांनी सांगितलं आणि मी सवयीनं लिहिलं, 'मोटर चालू झाली. आता घरीच बसा.'

मामांनी वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'बसा'मधला काना खोडला.