बादामने कबूतर माझ्याकडेच आणलं

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा बादाम म्हणजे रिट्रीव्हर जातीचं लहान पिल्लू. वस्तू हलक्या तोंडाने उचलून आणायला सूनबाई त्याला शिकवते. मोज्याला पिसं बांधून तो आणायचा सराव झाला. आज खरा पक्षी दाखवायचा म्हणून शेजारचे सलीमभाई आपलं माणसाळलेलं कबूतर घेऊन गच्चीवर आले.

"आबा, तुम्ही नुसते बसा. मध्ये ओरडू नका," सूनबाईने आधीच बजावलं होतं.

कबूतर चालू लागलं. बादामने हुंगलं, अलगद उचललं आणि सूनबाईला सोडून थेट माझ्याकडे आणलं. मला वाटलं, मारलंच! "सोड!" म्हणून ओरडलो आणि हातातला पेपर त्याच्या नाकावर हाणला.

कबूतर अंग झाडून पुन्हा चालायला लागलं. एक पीसही मोडलं नव्हतं.

"कबूतरकू कुछ नै हुआ, चाचा," सलीमभाई म्हणाले. "पिल्लेका दिल तोड दिये आप."

रोज संध्याकाळी फिरायला निघताना बादाम मला चपला आणून देतो. आज एक मीच घातली आणि दुसरीकडे बोट दाखवून "आण" म्हणालो. त्याने चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाटेखाली गेला.

तुमच्यापैकी कुणी कुत्रा पाळला असेल तर सांगा. त्याचं बरोबर होतं, चूक माझी होती, हे त्याला कसं सांगायचं? मी अजून एकाच पायात चप्पल घालून बसलोय.